बाल्कनीतली काळी मोहरी: फुलं आली, दाणा का नाही?

पत्र: मी ऐरोलीला पाचव्या मजल्यावर राहते. सासूबाई मोहरी फेसून मिरचीचं लोणचं करतात, ते घरात सगळ्यांना हवं असतं. पण हल्ली विकतची मोहरी कितीही फेसली तरी तो झणका येत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून गेल्या जूनमध्ये काळ्या मोहरीच्या बियांचं पाकीट मागवलं आणि स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या ग्रिलमध्ये दोन कुंड्यांत पेरलं. चार दिवसांत उगवलं. मग रोपं नुसतीच उंच, बारीक झाली आणि पावसात आडवी पडली. दोन झाडं तगली, त्यांना पिवळी फुलं आली, पण शेंगा भरल्याच नाहीत, सुकून गळाल्या. शेजारच्या काकू म्हणतात, मोहरी हे उत्तरेकडचं पीक, आपल्या हवेत व्हायचं नाही. खरं आहे का? अर्धं पाकीट उरलंय. हॉलची बाल्कनी दक्षिणेला आहे. पुन्हा पेरू का? वर्षाची मोहरी घरी निघेल का? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर:

ताई, जरूर पेरा. फक्त जूनमध्ये नको, त्या ग्रिलमध्ये नको, आणि दोन झाडांवर मदार ठेवू नका. तुमचं पीक गेलं ते या तीन कारणांनी. तुमच्या हाताला दोष देण्यासारखं त्यात काहीच नाही. बी चार दिवसांत उगवलं म्हणजे पेरणी बरोबर झाली होती.

काकूंचं निम्मं खरं आहे. मोहरी रब्बीची, थंडीत पिकणारी. देशात सगळ्यात जास्त मोहरी राजस्थानात होते, आणि तिथली थंडी आपल्याला मिळणार नाही. पण ठाणे-नवी मुंबईत नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत रात्री बऱ्यापैकी गार असतात, ऊन स्वच्छ असतं, पाऊस नसतो. कुंडीतल्या मोहरीला तेवढं पुरतं. एकरभर लावून पैसे करायचे असते तर मीही नको म्हटलं असतं.

कुंडीकडे वळण्याआधी सासूबाईंच्या तक्रारीबद्दल बोलायला हवं, कारण ती मला फार महत्त्वाची वाटते. मोहरीच्या अख्ख्या दाण्यात झणका नसतोच, तो आपण फेसतो तेव्हा तयार होतो. दाण्यात सिनिग्रिन नावाचा गंधकयुक्त पदार्थ असतो आणि त्याच दाण्यात, पण वेगळ्या पेशींत, मायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. दाणा चिरडला आणि पाणी मिळालं की दोघांची गाठ पडते आणि नाकात चढणारं तेल सुटतं. विकर उष्णतेने मरतं. म्हणून फोडणीत तडतडलेली मोहरी खमंग लागते, पण नाकात जात नाही. फेसताना गरम पाणी घातलं, किंवा मिक्सर सलग फिरवून भांडं तापवलं, तर उत्तम मोहरीही मुकी राहते. मीठ आणि लिंबू सुरुवातीलाच पडलं तरी विकराचं काम मंदावतं. तेव्हा आधी मोहरी कोरडी भरडा, मिक्सर थांबवत थांबवत. मग साधं गार पाणी थोडं थोडं घालून फेसा, दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवा, आणि झणका चढला की मगच मीठ-लिंबू घाला. आंबटपणा नंतर पडला तर चढलेला झणका टिकवून धरतो. मोहरीची डाळ विकत आणत असाल तर एकदा अख्खी मोहरी घरी भरडून बघा. भरडलेली मोहरी दुकानात आणि डब्यात महिनोन्महिने राहिली की तिचा जोर कमी होतो. हे सगळं करूनही समाधान झालं नाही तर घरची काळी मोहरी आहेच.

आता तुमची जूनची पेरणी. जूनमध्ये आपल्याकडे दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकरा तासांचा. दिवस मोठा असला की मोहरीला फुलायची घाई होते; बुंधा, फांद्या, पानं नीट धरायच्या आधीच ती दांडा काढते. त्यात ढगाळ हवा, म्हणजे ऊन नाही. उजेडाच्या शोधात रोप ताणलं जातं आणि एका जोरदार सरीत झोपतं. वर पावसाने फुलातले पराग धुतले जातात, आणि मधमाश्या तेवढ्या पावसात फिरत नाहीत.

ग्रिलचंही असंच. जूनमध्ये सूर्य आपल्या डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो, म्हणून उत्तरेच्या ग्रिलमध्ये सकाळ-संध्याकाळ थोडं ऊन आलं असेल आणि तुम्हाला ती जागा चांगली वाटली असेल. थंडीत सूर्य दक्षिणेला सरकतो आणि तीच जागा पूर्ण सावलीत जाते. उलट तुमच्या दक्षिणेच्या बाल्कनीत डिसेंबर-जानेवारीत ऊन आतपर्यंत शिरेल. मोहरीला रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. समोर दुसरी इमारत असेल तर एकदा थंडीतल्या सकाळी नि दुपारी उभं राहून ऊन कुठवर येतं ते पाहून घ्या. सोसायटीतल्या लोकांच्या बागा बिघडतात त्या बहुतेक वेळा ऊन न मोजल्याने, खताने क्वचितच.

आता मुख्य मुद्दा, फुलं येऊनही दाणा न भरण्याचा. काळी मोहरी स्वतःच्या परागाने जवळजवळ फळत नाही. फुलाला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, तोही जुळणाऱ्या झाडाचा. तुमच्याकडे दोनच झाडं उरली होती, ती एकमेकांशी जुळणारी नसतील तर भरल्या उन्हातसुद्धा शेंगा रिकाम्याच राहिल्या असत्या. म्हणून काळी मोहरी घोळक्याने लावायची: निदान पंधरा-वीस झाडं, सगळी एकाच वेळी पेरलेली, म्हणजे फुलोरा एकत्र येतो. एक शोभेची कुंडी म्हणून काळी मोहरी लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रोजच्या वापरातली मोहरी या बाबतीत सोपी. ती स्वतःच्या परागानेही बऱ्यापैकी फळते. तुमच्या डब्यातली मोहरी बहुधा काळी मोहरी नसेलच. बाजारात काळपट दिसणारी जी मोहरी मिळते ती बहुतेक ब्रासिका जुन्सिया या जातीची असते. काळी मोहरी म्हणजे ब्रासिका नायग्रा, वेगळी वनस्पती. दोघींचं नातं मात्र फार जवळचं आहे. जपानमध्ये काम करणाऱ्या वू जांग-चुन या शास्त्रज्ञाने १९३५ साली दाखवून दिलं, की आपली रोजची मोहरी म्हणजे काळी मोहरी आणि सलगमच्या कुळातली ब्रासिका रापा यांच्या संकरातून जन्मलेली. काळीत गुणसूत्रांच्या ८ जोड्या, रापात १०, आणि रोजच्या मोहरीत बरोबर १८. सिनिग्रिनही दोघींत आहे. मला हे दरवेळी नव्याने छान वाटतं, की आपल्या फोडणीच्या डब्यात काळी मोहरी अशी पूर्वजाच्या रूपाने असतेच.

त्यामुळे शक्य असेल तर दोन्ही लावा. पाच कुंड्या काळीच्या, आणि एक-दोन रोजच्या मोहरीच्या. काळीने दगा दिला तरी हाती काहीतरी लागेल, आणि शेजारी शेजारी वाढताना फरकही कळेल. काळीच्या शेंगा लहान, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या, आणि दांड्याला चिकटून उभ्या. रोजच्या मोहरीच्या लांब आणि दांड्यापासून फाकलेल्या. काळीचा दाणाही जास्त बारीक असतो. पाकिटावर शास्त्रीय नाव नसेल तर ही शेंगांची खूण शेवटी खरं काय ते सांगेल.

रोजची मोहरी वाण्याकडची पेरली तरी चालते, अगदी जांभळी नाक्यावरून किंवा वाशीच्या मसाला मार्केटातून आणलेलीसुद्धा. फक्त उगवल्यावर एक लक्ष ठेवा. मोहरीत कधी कधी पिवळ्या धोतऱ्याचं बी मिसळलेलं असतं. रोपाची पानं काटेरी, शिरा पांढुरक्या आणि देठ मोडल्यावर पिवळा चीक आला, तर ते मुळासकट काढून टाका, त्याचं पान भाजीत जाऊ देऊ नका. १९९८ साली दिल्लीत धोतऱ्याची भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलाने जलोदरासारखी सूज येणारी साथ पसरली होती आणि त्यात अनेकांचे जीव गेले. घरच्या कुंडीत एखादं रोप आलं तर घाबरायचं कारण नाही, ओळखता मात्र आलं पाहिजे.

उरलेलं अर्धं पाकीट टाकू नका. कोरड्या जागी ठेवलेलं मोहरीचं बी तीन-चार वर्षं उगवतं. वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. पाच दिवसांत पंधराच्या वर मोड आले तर बिनधास्त पेरा. बियांना गुलाबी-निळा रंग दिलेला असेल तर ते बुरशीनाशक लावलेलं बी आहे. ते पेरायला चालेल, पण त्याची कोवळी रोपं विरळताना काढून खायची नाहीत.

पेरणी दिवाळीच्या पुढेमागे, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करा. ऑक्टोबरच्या उन्हात घाई नको, रोपं होरपळतात. डिसेंबर संपल्यावर पेरलं तर दाणा भरायच्या वेळी फेब्रुवारी-मार्चचा उकाडा गाठतो आणि शेंगा पोचट राहतात.

कुंडी १२ इंची, तितकीच खोल. मोहरीचं मूळ सरळ खाली जातं, उथळ ट्रेमध्ये ती जेमतेम पाल्यापुरती होते. एक सूचना जरा जोर देऊन करते: भिजलेल्या मातीची अशी कुंडी सहज १५ ते २० किलो भरते. पाच-सहा कुंड्या ग्रिलवर अजिबात ठेवू नका, बाल्कनीच्या जमिनीवर भिंतीलगत ओळीने ठेवा. खाली ताटल्या ठेवा म्हणजे चौथ्या मजल्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी पडणार नाही.

घोडबंदर रोडच्या असोत वा तुमच्या बाजूच्या, नर्सरीतून येणारी लाल माती एकटी वापरली तर पाण्याने चिकट होते आणि वाळली की कडक. निम्मी लाल माती, उरलेल्यात कंपोस्ट जास्त आणि कोकोपीट थोडं, असं मिश्रण करा. पाणी साचलेलं मोहरीला मुळीच सोसत नाही. शेणखत-कंपोस्ट पेरणीच्या वेळीच घाला, नंतर युरियासारखं काही देऊ नका. नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात आणि मावा तिथेच येऊन बसतो. मोहरी गंधकाची भुकेली आहे, झणक्याचा तो पदार्थच गंधकाचा. प्रत्येक कुंडीत लहान चमचाभर जिप्सम मातीत मिसळलं तर फायदा होतो. नर्सरीवाले मायकोरायझाची पावडर गळ्यात मारतात, ती मोहरीसाठी घेऊ नका. टोमॅटो-मिरचीला ती बुरशी उपयोगी पडते, पण मोहरी, मुळा, कोबी यांच्या कुळाच्या मुळांशी तिची जोडी जमतच नाही. पैसे वाया जातील.

बी बारीक असतं, मुठीतून एका जागी सांडतं. चिमूटभर बी कोरड्या बारीक वाळूत मिसळून पसरा, वर जेमतेम अर्धा-एक सेंटिमीटर माती, आणि झारीने हलकं पाणी. पहिले पंधरा दिवस कबुतरांचे. कोवळी रोपं ती उपटतात, माती उकरतात. बाल्कनीला कबुतरांची जाळी नसेल तर कुंड्यांवर नायलॉनची जाळी टाका आणि रोपं चार पानांवर आली की काढा. बाल्कनीची मोठी जाळी असेल तर राहू द्या, तिच्या भोकांतून मधमाश्या ये-जा करू शकतात.

रोपं बोटभर झाली की विरळणी. इथे बहुतेकांचं मन होत नाही, पण १२ इंची कुंडीत चारच झाडं ठेवायची. काढलेली रोपं मुळं तोडून, धुऊन कोशिंबिरीत घाला, तिखटसर लागतात. महिनाभरात खालची मोठी पानं भाजीला निघतील. लसणीची फोडणी देऊन, भिजवलेली मूगडाळ घालून परतली की झाली. काळीची पानं जून झाल्यावर खरखरीत आणि कडसर होतात, म्हणून भाजीसाठी रोजच्या मोहरीची पानं बरी. दाणा हवा असेल तर एका झाडाची एक तृतीयांशाहून जास्त पानं काढू नका. कमरेएवढी झाली की काठीचा आधार द्या, काळी मोहरी कुंडीतही चांगली उंच जाते.

पाण्याचं माप बोटाने: वरची इंचभर माती कोरडी लागली की द्यायचं. फुलं येताना आणि शेंगा भरताना मात्र ताण पडू देऊ नका.

किडींत मावा हा मुख्य शत्रू. जानेवारीत दोन-तीन दिवस ढगाळ गेले की शेंड्यांवर करडे-हिरवे पुंजके दिसायला लागतात. रोज सकाळी शेंडे बघायची सवय ठेवा. सुरुवातीला पाण्याची जोरदार धार पुरते. वाढला तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे काही थेंब, नीट ढवळून, संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर फवारा. उघड्या फुलांवर मारू नका. लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे दिसले तर फवारणी थांबवा, ते मावाच खातात. पानाखाली पांढरे फोड आले तर तो पांढरा तांबेरा, तेवढी पानं तोडून कचऱ्यात टाका, कुंडीत पडू देऊ नका. कोवळ्या पानांना भोकं पाडणाऱ्या काळ्या अळ्या सकाळी हाताने वेचता येतात.

फुलोरा डिसेंबरच्या शेवटी-जानेवारीत येईल. पाचव्या मजल्यावर मधमाश्या येतील का, ही शंका रास्त आहे. फुलोरी माश्या आणि सातेरी शहरात आहेत, आणि मोहरीचं फूल त्यांना लांबून खेचतं. तरी भरवसा नको. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान मऊ रंगाचा ब्रश घ्या आणि एका झाडाच्या फुलांवरून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या फुलांवरून तिसऱ्याच्या, असा फिरवत जा. एकाच झाडावर कितीही फिरवला तरी काळीला त्याचा उपयोग नाही. एक दिवसाआड, फुलोरा असेपर्यंत हे केलंत तर शेंगा भरतील. आणि सोसायटीने त्या दिवसांत किडींची फवारणी ठरवली असेल तर बाल्कनीपुरती नको म्हणून आधीच सांगून ठेवा.

वर्षाची मोहरी निघणार नाही, ताई. शेतात हेक्टरी साधारण दीड टन मोहरी येते, म्हणजे चौरस फुटाला १४ ग्रॅमच्या आसपास. १२ इंची पाच कुंड्यांना हाच हिशेब लावला तर पन्नासेक ग्रॅम. काळीचा उतारा कमी, बाल्कनीत ऊनही कमी, म्हणून वीस-पंचवीस ग्रॅम धरून चाला. फोडणीचा डबा त्यातून भरायचा नाही. पण फेसायला ही मूठभर मोहरी फार मोलाची आहे. बाजारात कैऱ्या यायच्या आधी ती हातात असेल. ती फक्त फेसण्यासाठीच ठेवा, तेलात तडतडवून तिचा झणका घालवू नका.

काढणीत काळी मोहरी फसवते. तिच्या शेंगा पिकल्या की आपोआप उलतात आणि दाणा मातीत जातो. यंत्राने कापणी सुरू झाल्यावर शेतकऱ्यांनी तिला सोडून रोजची मोहरी धरली, त्याचं हे एक मोठं कारण. सगळं झाड वाळायची वाट बघू नका. फेब्रुवारीअखेर-मार्चच्या सुरुवातीला खालच्या शेंगा पिवळ्या-तपकिरी झाल्या, आत दाणा काळपट आणि टणक लागला, की भल्या सकाळी, शेंगा दमट असताना झाडं बुडापासून कापा. जुन्या उशीच्या अभ्र्यात उलटी घालून तोंड बांधा आणि हवेशीर जागी आठवडाभर टांगा. मग अभ्र्यावरूनच हाताने चोळा, सुपात पाखडा, एक-दोन उन्हं द्या. पुढच्या नोव्हेंबरसाठी बी राखताना सगळ्यात चांगल्या एकाच झाडाचं ठेवायचा मोह होईल. तसं करू नका. प्रत्येक झाडाची चिमूट घेऊन एकत्र करा, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरा, बाटलीवर जात आणि महिना लिहा आणि फ्रिजमध्ये ठेवा.